गळलेल्या चिपा

५ जानेवारी २००४
निघाली! साच्यावरून रबर सोलताना आज एकही नळी फाटली नाही. काडीपेटीएवढा पारदर्शक तुकडा, आमची चिप; आत केसाएवढ्या नळ्या. रक्ताचा एक थेंब सोडला की लाल पेशी एकीकडे, पाणी दुसरीकडे! कॉलेजात या कामावर आम्ही दोघंच — मी भौतिकशास्त्राची, बसवेश रसायनाचा. तो "लई भारी, लई भारी" करत टेबल बडवत होता. अप्पांना दुकानात नेऊन दाखवली. गिऱ्हाईक ताटकळत, आणि आमचे वडील भिंग लावून बसलेले!

११ जानेवारी
पुण्याचे लोक चोवीस तारखेला अंबाजोगाईला येणार. चिप पसंत पडली तर दोन वर्षं त्यांच्या प्रयोगशाळेत. मला जायचंय. लिहूनच टाकते — जायचंय! आई ताट उचलून आत गेली. अप्पा म्हणाले, "जा की. कोन अडवतंय तुला?" असा बाप कुणाला मिळतो?

१७ जानेवारी
आईशी खडाजंगी. प्रयोगशाळेच्या दिवशी मी विभूती लावत नाही. राखेचा कण पडला की रबर खालच्या काचेला धरत नाही, तिथून गळतं. "लिंगायताची पोर अन् कपाळ मोकळं!" अगं, संध्याकाळी लावते की! बसवेश तीन बोटं ठसठशीत ओढून येतो. म्हणून तर त्याला मी रबराला हात लावू देत नाही. त्यानं रक्त आणि रसायनं सांभाळायची.

२३ जानेवारी
पाच चिपा तयार. अर्धवट भाजलेलं रबर काचेवर बसवून पुन्हा भट्टीत ठेवलं. आता पूर्ण भाजलं की घट्ट. अंग मोडून आलं होतं. बसवेश म्हणाला, "तू जा घरी. मी थांबतो भट्टीपाशी."

२४ जानेवारी
गळल्या. पाचही. रक्त नळीत शिरलंच नाही, काचेवर पसरत गेलं. पुण्याचे साहेब म्हणाले, "कल्पना चांगली आहे, मॅडम." आणि चहा न घेता गेले.

२५ जानेवारी
उठलेच नाही. अप्पा डोक्यावरून हात फिरवत बसले होते. "जाऊ दे पोरी. नशिबात नव्हतं." त्यांच्या मांडीवर पोटभर रडले.

२७ जानेवारी
आज चिपा उकलून मायक्रोस्कोपखाली धरल्या. राख! पाचही चिपांत, रबराच्या आतल्या अंगाला, बोटांच्या ठशांमध्ये. कुणीतरी भट्टीतून काढून, सोलून, परत दाबून ठेवल्या आहेत. माझं कपाळ तर त्या दिवशी कोरडं होतं. आणि मागे थांबला होता एकच माणूस.

२८ जानेवारी
"तू सोलल्यास?" आधी हसला. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "हो." कावून रे? इतकी वर्षं एका टेबलावर, एका डब्यात जेवलो आपण! "मला नको इचारू. तुझ्या घरी इचार."

घरी! म्हणजे आईच. तशीच येऊन तिला नको नको ते बोलले. वैरीण म्हणाले. ती एवढंच म्हणाली, "मला त्यातलं काय कळतंय गं?" खोटारडी!

२९ जानेवारी
अप्पा आज पेढे घेऊन आले. बसवेशच्या घरी बोलणी करून. "त्याच्यावर राग नको धरूस. मीच सांगितलं त्याला. पुण्याला गेली असतीस तर परत आली नसतीस. तुझ्याशी लगीन लावून देतो मनलो, तवा कुठं तयार झाला."

आई चुलीपाशी पाठ करून बसली आहे. कालपासून जेवलेली नाही.