जलद गाडी आणि बोंबलांची टोपली

दिवाळे, ता. ७ फेब्रुवारी १९५८

चि. सौ. सगुणास बाबांचे अनेक आशीर्वाद.

नातू झाल्याची तार पोचली. तुझ्या लग्नाला सहा वर्षे झाल्यावर पाळणा हलणार, या आनंदात मी ती आधी उलटीच धरली. आईचे गुडघे धरलेत, तुझा भाऊ जयदेव तिच्यापाशी राहील. बारशाला माहेरचा मी एकटाच. बाळंतविडा घेऊन येतो.

जावईबापू जादा भाड्याच्या जलद गाडीने या म्हणतात. पण तिथे गाद्यांवर इस्त्रीची माणसे बसतात आणि माझ्याजवळ सुक्या बोंबलांची टोपली. शिवाय ती मधे फारशी थांबत नाही. मन घाबरले तर उतरू कुठे? पॅसेंजर आपली सगळीकडे थांबते. तिसरी शिकलेल्या माणसाने मोठ्या गाडीत बोलावे तरी काय? कोणती धरू ते कळव.

लोभ आहेच, तो नातवासकट वाढव.

तुझा बाबा, बाळाराम

पुणे, ता. १०

ती. बाबांस सगुणाचा सा. न. वि. वि.

बारसे रविवारी, सोळा तारखेला, दुपारी चारला. पॅसेंजर दिवेलागणीला पोचते, तेव्हा जलद गाडीच धरा. तिच्यात बोलावे लागत नाही, बसावे लागते. माझ्या लग्नात तुम्ही घाईघाईत नवरीलाच धक्क्यावर ठेवून होडी सोडली होती, हे सासूबाईंना मी अजून सांगितलेले नाही.

माहेरचे माणूस नसताना बाळाला पाळण्यात घालायचे माझ्या जिवावर येईल. बोंबील आणाच.

आईस नमस्कार. माया असू द्यावी.

सगुणा

पुणे, ता. १७

चि. जयदेवास आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखव, मधला मजकूर गाळ.

मी शनिवारीच मुंबईत माझगावला आपल्या हिरामणच्या खोलीवर मुक्काम केला, म्हणजे उशिराला सबब नको. शुक्रवारी मासळी घेऊन स्टेशनावर गेलो, तेव्हा जलद गाडी सुटताना डोळ्यांनी पाहिली होती, बरोबर आठला. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. पन्नास वर्षे त्याच हिशेबाने होडी लोटली, म्हटले गाडीचेही तसेच असणार. दोन दिवसांचा दीड तास धरून मी रविवारी सव्वानऊला ऐटीत फलाटावर हजर. हमालाला विचारले, तर तो म्हणाला, गाडी रोज आठलाच जाते, आजही गेली.

मग पॅसेंजर. डब्यात बोंबलांवरून ओळखी झाल्या, टोपली अर्धी झाली. पण चार वाजले तेव्हा मी टोपलीवर झाकण घातले. माहेराविना पोरीने पाळणा हलवला असेल, हेच डोळ्यांपुढे.

साडेसहाला घरी पोचलो, तर सतरंज्या नुकत्या अंथरत होते. मी दारातच माफी मागू लागलो, आणि सगुणा तोंडाला पदर लावून आत पळाली. जावईबापूंनी सांगितले, सगळ्या गावाला वेळ सातचीच दिली होती. चारची दिली होती मला एकट्याला.

नाव कान्हा ठेवले. आईला सांग, बाबा वेळेआधी अर्धा तास पोचले.

लोभ ठेवावा, अकलेची अपेक्षा ठेवू नये.

तुझा बाबा, बाळाराम