आत उघडणाऱ्या अठरा दारांबाबत

मी, या गल्लीतला जुना गवंडी, वय वर्षे एकाहत्तर, डोके ठिकाणावर व बायको बाजारात गेली असताना, कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवतो, की माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. राहते घर, दोन खोल्या व ओटा, पत्नीचे. तिच्यानंतर मुलगा व मुलगी यांनी सारखे वाटून घ्यावे. गल्लीकडचा आमचा संडास घरातच धरावा. मुलाने त्यात रचलेले टायर आठ दिवसांत काढावेत.

२. थापी, ओळंबा व पाणसळ मुलीला. भिंत वाकडी आहे हे मुलाला ती पडल्यावर कळते.

३. शेजारच्या शिंप्याला काहीही देऊ नये. चार नंबरच्या संडासात तो शेळी बांधतो, आणि ती मला पाहून ओरडते.

४. आता मुख्य. सव्वीस वर्षांपूर्वी गल्लीतले अठरा संडास मी बांधले. गल्ली अरुंद, बाहेर उघडलेले दार येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपाळात बसेल, म्हणून दारे आत उघडणारी केली. रिकाम्या संडासात ती झकास लागली. आत माणूसही असणार, हे डोक्यात आले नाही. माणूस आत शिरला की दार अर्ध्यावर त्याच्या पोटाला अडते.

दोष मी सुताराच्या माथी मारला. तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "दोन अरुंद झडपांचं दार करू." मी म्हणालो, "तू रंधा मार." तेव्हापासून आमचे बोलणे नाही.

लोक संडास वापरत नाहीत म्हणून जनजागृतीवाले आले. भिंतींवर घोषणा रंगवल्या, कर्ण्यावरून भाषणे ठोकली, वर माझाच सत्कार केला. बायको म्हणाली, "लोक जागेच आहेत हो. दार तेवढं लावून द्या." मी सत्काराची शाल घडी करून ठेवली.

बायका जोडीने जातात; एक आत, दुसरी बाहेर चादर धरून. माझ्या बायकोची सोबतीण गेल्या वर्षी वारली. तेव्हापासून ही दुपारनंतर पाणी पीत नाही. मला याची फार लाज वाटते.

सबब माझी सगळी शिल्लक अठरा दारांना. काम सुतारानेच करावे. चूक माझी होती, हे त्याला माझ्यामागे वाचून दाखवावे.

दुरुस्ती: साक्षीला दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या, आणि दुसरा माणूस हवा म्हणून त्यांनी नेमके सुतारालाच आणले. त्याने सगळे वाचले, चष्मा पुसला आणि म्हणाला, "तू मेल्यावर दार लावून वहिनींना काय उपयोग? आधी दार, मग सही." लगेच मला संडासात उभे करून माप घेतले, पोटासकट. तरी कलम चार माझ्या हयातीतच अमलात यावे, सुरुवात आमच्या घरापासून.

ठिकाण: आमचा ओटा
दिनांक: ९ मार्च

लिहून ठेवणार: गवंडी (सही)
साक्षीदार पहिल्या: दवाखान्यातल्या नर्सबाई (सही)
साक्षीदार दुसरे: सुतार (सही बाकी, बिजागऱ्या आणायला गेले आहेत)