खालचा आवाज

१५ सप्टेंबर, सोमवार

लाडक्या इस्क्रा,

मावशीचे अनेक आशीर्वाद. आम्ही इथे ठीक आहोत, तूही तिकडे लंडनात धडधाकट असशील असं धरून चालते. काल क्रूसाचा सण झाला. दिवसभर उपवास, द्राक्षांवर राहिलो आणि आज सकाळपासून अंगणात लाल मिरच्या भाजायला घेतल्या आहेत. हाताला तोच वास आहे, कागदालाही लागेल. यंदा मिरची मांसल निघाली. बरण्यांत ल्युतेनित्साची चटणी भरून झाली की तुझ्या वाटच्या बरण्या बाजूला ठेवीन.

तुझं पाकीट मिळालं. तुझ्या गाण्यात माझा आवाज वापरायच्या परवानगीचा त्यातला कागदही मिळाला. मी त्यावर सही केलेली नाही. फणकारू नकोस, आधी पुढचं वाच. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून तर पत्र लिहायला बसले आहे.

तू पाठवलेलं ते गाणं ऐकायला शाळेतल्या रूमेन मास्तरांनी स्पीकर आणला. मी आणि तुझी आई स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलाशी बसलो, जिथे जानेवारीत तू मिठाच्या बरणीला फोन टेकवून आमचं गाणं भरून घेतलं होतंस. तुझी आई केस विंचरून, नवा स्कार्फ बांधून आली होती, जणू काही लोक तिला त्या डब्यातून बघणार होते. तुझं इंग्रजी सुरू झालं. मला एक अक्षर कळलं नाही, पण गायच्या आधी तू अजून नाक ओढतेस हे कळलं. मग आमच्या दोन ओळी आल्या आणि त्यांत मी एकटीच.

मी रूमेनला म्हटलं, "मास्तर, तुमचा स्पीकर फाटलाय. माझी बहीण गळून पडलीये त्यातून." त्या बिचाऱ्याने वायरी काढल्या, घातल्या, घरून दुसरा स्पीकर आणला. आम्ही दोघी कान लावून तुझ्या आईला शोधत बसलो. शेवटी त्याने तुझी चिठ्ठी वाचून दाखवली, तीही अगदी हळू आवाजात. तुझं गाणं यंत्रावर जुळवणारे ते ग्रॅहम साहेब म्हणतात की दुसरा आवाज पहिल्याला घासतो, तिकडच्या लोकांना ती चूक वाटेल, म्हणून तो काढून टाकला आणि माझाही थोडा यंत्रावर सरळ करून घेतला. आणि आता मी सोफियाला, राजधानीत जाऊन एकटीने पुन्हा स्वच्छ गावं!

अगं, घासतो म्हणजे काय? घासायलाच हवा. दोन आवाज इतके जवळ आणायचे की मधे सुईसुद्धा जाऊ नये, तेव्हा कुठे घंटा वाजल्यासारखं होतं. हे तुला मी सांगायचं? दहा वर्षांची असताना आमच्या दोघींच्या मधे उभी राहून, आमचे कमरपट्टे धरून, तू हेच गायचीस.

मी एकटी गाणार नाही. हा रुसवा नाही. वरचा आवाज हाक मारतो, डोंगरावर जातो, भटकतो, परत येतो. खालचा जागचा हलत नाही. तोच काढून टाकलात तर मी परत यायचं कुठे?

तू विचारलंस, आई फोनवर का येत नाही. तिला कामं असतात. मिरच्या आहेत, द्राक्षं आहेत, कोंबड्या आहेत. मधे घसाही जरा धरला होता. रागावलेली मुळीच नाही. तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणतेय, राखाडी. आईचं राहू दे आता. साहेबांना सांग, दोन्ही आवाज जसे होते तसे ठेवा, मग सही मिळेल. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात, तसं समज.

तुझी,
झ्लाटका मावशी


३ ऑक्टोबर, शुक्रवार

लाडक्या इस्क्रा,

आशीर्वाद. तब्येत, हवा, कोंबड्या सगळं मागच्यासारखंच.

तुझं उत्तर आलं. चांगलंच तिखट लिहितेस, माझ्यावर गेली आहेस. तुझं म्हणणं असं की मावशी उगाच आडमुठेपणा करते. महिनाअखेर गाणं पुरं करायचं आहे, तोवर जमलं नाही तर साहेब कुठल्या तरी गायकवृंदातून दोन बायका आणतील. आणि आईला इंग्रजी गाणं पसंत नाही म्हणूनच ती फोनवर येत नाही, हे तू ओळखलं आहेस म्हणे. शेवटची ओळ तर मला पाठच झाली: "तिला स्वतःचा आवाज परत हवा असेल तर तिने तोंड उघडून माझ्याशी बोलावं."

इस्क्रा, ते पत्र मी तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवत होते. पुढे काय आहे हे मला तरी काय ठाऊक! मी वाचून थांबले. ती उठली, अंगणात गेली आणि कढईतली ल्युतेनित्सा ढवळत बसली. चूल तर कधीच विझली होती.

आत्ता लिहितेय तेव्हा ती माझ्या समोर बसली आहे, राजमा सोलतेय. ती गप्प आहे. का गप्प आहे, ते आज लिहायचं आहे. पेन तिनेच माझ्यापुढे सरकवलं, नाहीतर मी पाव हातात धरून घेतलेली शपथ मोडणारी बाई नव्हे.

ईस्टर झाल्यावर तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ होती. गाठ साधी निघाली, देवाची कृपा, त्याची काळजी तू करू नकोस. पण आवाजाची नस तिथूनच जाते. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि तसंच झालं. तुझ्या आईचा आवाज गेला. कुजबुजते, तेही या टेबलाच्या पलीकडे पोचत नाही. सहा महिने होत आले, आता येईल, मग येईल करता करता मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी मान हलवली. फोनवर ती कशी येणार? तू फोन करतेस तेव्हा ती माझ्या शेजारी उभी असते. माझ्या कानाला कान लावून तुझं सगळं ऐकते. तू ठेवलास की मला खुणेने विचारते, खोकत होती का गं?

तुला कळवू नको म्हणून तिनेच शपथ घातली. म्हणाली, "पोरगी सगळं टाकून धावत येईल आणि गाणं अर्ध्यावर राहील." मला ते पटलं नव्हतं, पण गळा तिचा आहे.

आता तुला कळलं असेल की जानेवारीत मिठाच्या बरणीपाशी तू काय भरून नेलंस. त्यानंतर आम्ही दोघी गायलोच नाही. द्राक्षवेली छाटल्यावर गाऊ, सणाला गाऊ म्हणत राहिलो. आमचा एकमेकींना लागलेला शेवटचा सूर तुझ्या फोनमध्ये आहे आणि तुझ्या साहेबांनी तिचा आवाज टेबलावरच्या पावाच्या चुऱ्यासारखा झाडून टाकला. त्यांना माहीत नव्हतं. तुलाही नव्हतं. म्हणून तुझ्यावर माझा राग नाही. पण आता माहीत झालं आहे.

तू बहुतेक रडायला लागली असशील. रड, पण पत्र खाली ठेवू नकोस.

त्या पहिल्या दिवशी, रूमेन गेल्यावर, तुझी आई मला काय म्हणाली सांगू? "काढू दे, ताई. तसाही आता कुठे आहे माझा आवाज? पोरीचं गाणं तरी होऊ दे." मी भडकले. म्हटलं, "तू माफ करत बस, तुझा स्वभावच तसा. मी नाही करणार." यावर आमचं भांडण झालं. कुजबुजणाऱ्या माणसाशी भांडून पाहा एकदा. आपणच ओरडतो आणि आपणच हरतो.

दोन आठवडे हे असंच चाललं. ती म्हणे सही कर, मी म्हणे करत नाही. मधे तुझं तिखट पत्र आलं, त्यानंतर तर ती कागद रोज माझ्या ताटाशेजारी आणून ठेवायची. मी त्याच्यावर गरम भांडं ठेवायची. वरच्या कोपऱ्यात डाग दिसेल तुला, तो त्याचाच.

काल रूमेन मास्तर पुन्हा आले. मीच बोलावलं होतं. म्हटलं, मास्तर, ही पोरगी इंग्रजीत नक्की बोलते काय, ते तरी आम्हाला कळू दे. त्यांनी गाणं थांबवत थांबवत एकेक ओळ आपल्या भाषेत सांगितली. या शहरात दारं आपोआप बंद होतात, म्हणतेस तू. मी आत असते तरी बाहेर राहिल्यासारखी वाटते. कुणी तरी माझ्यासाठी रात्रभर फाटक उघडं ठेवायचं, त्या माणसाचा आवाज मी विसरत चालले आहे. आणि मग लगेच आमच्या ओळी येतात. मी उभा जन्म गात आले, पण त्या अशा कधी ऐकल्या नव्हत्या:

फाटक लावू नको, आई,
डोंगरावरच आहे मी अजून.

रूमेनने स्पीकर बंद केला. तुझी आई स्कार्फचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसली होती. मग तिने कुजबुजून विचारलं, "हे तिने स्वतः लिहिलंय?" मास्तर म्हणाले, "हो, नेवेनाबाई, खाली नाव आहे तिचं." ती म्हणाली, "पुन्हा लावा." मास्तरांनी लावलं. आमच्या ओळी आल्या, माझा एकटीचा आवाज सरळ रेघ ओढल्यासारखा गेला आणि संपला. कुणाला हाक मारतोय तेच कळेना.

तेव्हा ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "ताई, मग तिथे मी नको का?"

मी तुला शपथेवर सांगते, सहा महिन्यांत मला एवढं स्वच्छ काही ऐकू आलं नव्हतं.

आता नीट वाच. जानेवारीतलं आमचं गाणं आहे तसं घ्यायचं. माझा आवाज सरळ करायचा नाही, तिचा काढायचा नाही. चुलीतलं लाकूड तडतडतं, तेही राहू दे. इंग्रजी कानांना घासलं तर घासू दे. एवढी दारं बंद असलेल्या शहरात थोडं घासल्याशिवाय उघडणार कसं? साहेब ऐकत नसतील तर आमच्या ओळी काढून टाक आणि सगळं इंग्रजीत गा. ते गाणंही चांगलं होईल, तू चांगलीच गातेस, आम्ही नाराज होणार नाही. पण अर्धी मी मिळणार नाही आणि त्या दोन भाड्याच्या बायकाही नकोत.

आणि गाणं पुरं झालं की ये. आधी नको, पुरं करून ये, तुझ्या आईची तेवढी एक अट मला मान्य आहे. पुढे लोकांसमोर उभी राहून गाशील तेव्हा खालचा आवाज कुणाला तरी धरावा लागेल. तो तू धरायचा. वर मी आहे. तुझ्या आईला सूर काढता येत नसला तरी कमरपट्टा धरता येतो. ती ओढेल तेव्हा श्वास घ्यायचा, सोडेल तेव्हा गायचं. लहानपणी शिकलीस तसंच. हात शाबूत आहेत तिचे, काल माझ्या हातातून कागद हिसकावून घेतला तेव्हा कळलं.

तो कागद सोबत आहे. तुझ्या लोकांनी त्यावर गाणारीचं एकच नाव छापलं होतं आणि सहीला एकच रेघ ठेवली होती. तुझ्या आईने ड्रॉवरमधून पट्टी काढली, माझ्या रेघेखाली दुसरी रेघ ओढली आणि माझ्या आधी तिनेच सही केली. मग मी केली. आता हा कागद दोघींचा आहे. घ्यायचा तर दोघींसकट घ्या, नाहीतर दोघींसकट परत पाठवा.

मोजे झाले आहेत, याच पाकिटात कोंबते आहे.

वरचा आवाज,
तुझी झ्लाटका मावशी

फाटक उघडंच आहे.
खालचा आवाज,
तुझी आई