रविवारची रूम

कारेलीबाग, बडोदे
१८ सप्टेंबर २०००

चि. रणवीर यास संयोगिताताईचे आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे कुरकुरतात, तरी खंडेराव मार्केटला स्वतःच जाते. माझ्या हातची भाजी तिला पसंत नाही. हरणी भागात राहणाऱ्या आपल्या मामेबहिणीचं, पूर्वीचं, लग्न ठरलं. झाल्या बातम्या.

‘पत्र कसलं लिहितेस ताई, चॅटवर ये ना,’ म्हणशील. नाही येणार.

गळ्याच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला, तेव्हा तुला सुट्टी मिळाली नाही. ठीक आहे. तूच फोनवर म्हणालास, ‘बोलता येत नाही तर काय झालं? त्यांना चॅट शिकव, दर रविवारी भेटू.’ अरे, काय खूश झाले होते ते! ज्यांच्या एका हाकेसरशी शाळेचं अख्खं मैदान सरळ उभं राहायचं, ते आमचे पी.टी.चे सर एक बोट पुढे करून ए कुठे, बी कुठे शोधत बसायचे. नाक्यावरच्या सायबर कॅफेचा हार्दिक कंटाळून म्हणायचा, ‘काका, टूंकमां लखो ने!’ पण थोडक्यात लिहिणं बाबांना कधी जमलंय? इंग्रजी अक्षरांत का होईना, प्रत्येक वेळी आधी ‘चि. रणवीर यास अनेक उत्तम आशीर्वाद’, मग बाकीचं. मी सांगितलं, बाबा, मायना नको. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘मुलाला तसंच कसं लिहायचं?’ तोवर तू ‘आलोच’ म्हणून गायब झालेला असायचास.

तू सांगितलेल्या त्या बडोद्याच्या चॅटरूममध्ये सगळ्यांना सगळं दिसतं, हे आम्हाला माहीत होतं. दोघांपुरती वेगळी खिडकी उघडता येते, हे नव्हतं. तुला होतं. तू सांगितलं नाहीस.

बाबांनी मला बजावलंय, रणवीरला यातलं काही कळवू नकोस. पण माझ्याने राहवत नाही. गेल्या महिन्यातल्या त्या रविवारी मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर होते. बाबांचा आशीर्वाद पडद्यावर उमटला आणि तुझी दोस्तमंडळी खिदळायला लागली. कोणीतरी विचारलं, ‘हे आजोबा कोण रे? तुझे कोणी लागतात का?’ आणि तू लिहिलंस, ‘माहीत नाही यार, रोज कोणीतरी येतं.’

लाज नाही वाटली तुला? त्यांना बोलता येत नाही, वाचता येतं रे!

मी कीबोर्ड ओढायला गेले. बाबांनी माझा हात बाजूला केला आणि एका बोटाने सावकाश लिहिलं, ‘माफ करा. चुकून आलो. माझा मुलगा दुसरा आहे.’ मित्रांसमोर तुझी फजिती होऊ नये म्हणून, समजलास? मग हार्दिकला नमस्कार करून ते उठले. रस्ताभर मी रडत होते आणि ते माझ्या पाठीवर थोपटत होते.

घरी आई दारातच उभी होती. ‘भेटला का?’ बाबांनी पाटी घेतली आणि लिहिलं, ‘भेटला. खुशाल आहे. तुझी आठवण काढतो.’

तेव्हापासून दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून निघतात. कॅफेत शिरत नाहीत. समोरच्या बाकावर तासभर बसतात आणि घरी येऊन तुझी खुशाली पाटीवर लिहितात. तुला बढती मिळाली म्हणे. सर्दी झाली होती, ती बरी झाली. आई ते सगळं सोसायटीभर सांगत फिरते.

काल त्यांनी लिहिलं, ‘दिवाळीला येतोय.’

का लिहिलं, मी विचारलं नाही. आईने अनारशांसाठी जुने तांदूळ आणले आहेत. तुझी खोली झाडायला घेतली आहे. बाबाही तिच्याबरोबर माळ्यावरून गादी काढत होते, आणि मला वाटतं, आता त्यांनाही ते थोडं खरं वाटायला लागलंय.

तिकीट काढ. नाहीतर आईला फोन करून ‘येत नाही’ असं तुझ्या तोंडाने सांग. तुझ्या वतीने मी एक शब्द बोलणार नाही.

तुझी म्हणायचं की नाही, ते दिवाळीत ठरेल.
संयोगिता