बाईंनी पाठवलंय

बाई, आज ती शाळेत आली होती. तुमच्या बिगरीत नऊ महिने तोंड मिटून बसलेली, मांडवीवरच्या खलाशाची मुलगी. आता बावीस वर्षांची झाली आहे, कडेवर एक, हाताला एक. हाताला धरलेल्या मुलीला बिगरीत घालायचं म्हणून आली. मी तिला ओळखलं नाही, तिनेच ओळख दिली. ती गेल्यावर मी मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेतली, पाढे घेतले, त्यांना पाणी प्यायला सोडलं, सगळं रोजच्यासारखं. आता घरी येऊन, जेवून, हे लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. कागद कुठल्या पत्त्यावर जाणार, एवढं मला कळतं, वेड लागलेलं नाही. पण त्या शिमग्यात मी तुमचं नाव बद्दू केलं, आणि आज ते साफ करायची संधी आपल्या पायाने चालत दारात आली होती. त्या संधीचं मी काय केलं ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि ज्यांना सांगायचं त्या तुम्हीच.

मी तुमच्याकडे आले तेव्हा अठरा वर्षांची होते. सासरच्यांनी माहेरी आणून सोडलेली, नुकती सातवीची फायनल पास झालेली, आणि आपल्याला सगळं येतं अशी पक्की समजूत असलेली. बिगरीत पन्नासेक पोरं आणि तुम्ही एकट्या, म्हणून मला मदतनीस नेमलं. पहिल्याच दिवशी मी छडी शोधायला लागले. तुम्ही म्हणालात, "छडी नाही गो इथे. गुडघे आहेत ना तुला? ते वाकव." मूल जवळ आलं की तुम्ही उकिडव्या बसायच्या, तोंडासमोर तोंड येईपर्यंत, आणि मग गप्प. मूल बोलेल तेव्हा बोलेल. मला ते बघून चीड यायची. पन्नास पोरांत एकेकापुढे असं बसायचं तर बाराखडी केव्हा व्हायची? आणि कुणाच्या घरी जायचं तर पुढच्या खळ्यातून कधी नाही. "पुढे पुरुष बसतात. आई मागल्या दारी असते," असं म्हणून तुम्ही दगडी गडग्याला वळसा घालून परसात शिरायच्या. आई तांदूळ पाखडत असली तर सूप मागून घ्यायच्या, फणसाच्या आठळा सोलत असली तर चार आठळा आपल्या पुढ्यात ओढायच्या. हाताला काम लागलं की मग बोलणं. आधी मुलाचं काहीतरी चांगलं, मग इकडचं तिकडचं, आणि तक्रार असलीच तर ती उठताना, लुगडं झटकताना, अगदी सहज. दोन वाक्यांचं काम आणि त्याला अख्खी दुपार, असं मी मनात म्हणायची.

मला एकटीला पाठवायच्या ते निरोपापुरतं. उद्या सुट्टी आहे, नाहीतर अमक्या मुलाला गोवर आलाय, तुमच्याकडच्याला जपा. दारात उभी राहून माझं पहिलं वाक्य ठरलेलं, "बाईंनी पाठवलंय." नवऱ्याने टाकलेली पोर दारात दिसली की बायकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. तुमचं नाव ऐकलं की त्या पाट मांडायच्या. ते वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं होतं की मी स्वतःच्या कामाला गेले तरी तेच बाहेर पडायचं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुमच्या ओटीवर आया जमायच्या. नवरे मुंबईला, कुणाचा गिरणीत, कुणाचा बोटीवर. लिहिता येणारी एकही नाही. मांडीवर पोर, हातात कोरं कार्ड. तुम्ही एकेकीला आत घ्यायच्या आणि मला म्हणायच्या, "जा, विहिरीवरून घागर आण." घरात पाणी काठोकाठ भरलेलं असलं तरी. मला वाटायचं, मी समोर असले की तुमचा टाक अडतो. कोण काय लिहवून घेते ते भिंतीलाही कळू नये म्हणून मला बाहेर काढलं जातंय, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही.

ही खलाशाची मुलगी जूनमध्ये आली आणि फाल्गुन उजाडला तरी वर्गात एक शब्द बोलली नाही. रडली नाही, हट्ट केला नाही, नुसती बसायची, ओठ आत ओढून. मी तिला शेंगदाणे दिले, मग दटावलं, मग एक दिवस सगळ्यांसमोर उभी केली. तिच्या पायांवरून ओघळ आला. तुम्ही तिला न्हाणीत नेऊन धुतलंत, आपल्या पदराने पुसलंत, आणि मला म्हणालात, "पुन्हा हिला काही विचारू नकोस. मी बघत्ये." काय बघताय ते सांगितलं नाहीत. मला ती मुलगी आवडायची, बाई, हे खरं लिहिते. मला वाटलं पोर मुकी आहे, आईला फिकीर नाही, आणि बाई नुसत्या बसून राहिल्यात. कुणीतरी बापाच्या कानावर घालायला हवं. मुंबईत मोठमोठे डॉक्टर असतात.

शिमग्याला बाप रजेवर आला. बोटीतून पडावात आणि पडावातून धक्क्यावर उतरला तेव्हा त्याच्या हातात मुलीसाठी आणलेलं चित्रांचं पुस्तक होतं, असं आळीभर झालं. शाळेला सुट्टी होती. मी धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेले. तुम्हाला विचारलं नाही. खळ्यातून गेले, कारण मला बापाशी बोलायचं होतं आणि बाप पुढे बसतो. पालखी नुकतीच येऊन गेलेली, सात-आठ पुरुष विड्या ओढत बसलेले. मला बघून तो उठून उभा राहतो. भला माणूस, बाई. टोपी सारखी करतो, "या, या" म्हणतो. आणि मी म्हणते, "बाईंनी पाठवलंय."

मग मी सांगते. नऊ महिने झाले, तुमच्या मुलीच्या तोंडून एक अक्षर नाही, मुंबईला नेऊन दाखवा.  तो हसतो, त्याला वाटतं मी दुसऱ्याच कुणाच्या मुलीबद्दल बोलत्ये. "नाय हो, चुकताय तुमी. माजी पोर कविता म्हनते. कार्ड हाय माज्याकडं," असं म्हणून आत जातो आणि ट्रंकेतून कार्ड घेऊन येतो. "ह्ये बाईंचंच अक्षर ना?" तुमचंच होतं. मी म्हटलं, "अक्षर बाईंचं आहे, पण मुलगी बोलत नाही." तेव्हा एकजण म्हणाला, "आरं, बायकोनं फशिवलान की रं तुला!" आणि सगळे हसले. दारामागे त्याची बायको उभी होती, मुलगी तिच्या लुगड्याला धरून. बायकोला तो काही बोलला नाही. मुलीला पुढे घेतलं आणि म्हणाला, "म्हन गो बाय, एक कविता म्हन." तीनदा म्हणाला. ती गप्प. मग त्याने ते पुस्तक माळ्यावर फेकलं. "शाळा बंद उद्यापासून." मला मात्र "उपकार झाले" म्हणाला, खरोखर हात जोडून. मी घरी आले. मोठं काम केलं असंही वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. भूक लागली होती, जेवले.

तुम्हाला कळायला दोन दिवस लागले, तोवर तो परतीच्या बोटीने गेलाही होता. तुम्ही चुलीपाशी होतात, कुळथाचं पिठलं ढवळत, माझ्याकडे पाठ करून. "कार्डातलं खोटं नव्हतं गो," तुम्ही म्हणालात. "दिवाळीपासून म्हणते ती. पाण्याच्या हंड्यामागे, माझ्या कानात. आधी एक ओळ, मग दुसरी. चार ओळींपर्यंत आली होती. तिच्या आईला सांगितलं तर ती रडायला लागली, म्हणाली, ह्यांना कळवा. म्हणून लिहिलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"ती माझ्या कानात म्हणत होती. तुझ्या नव्हे." तुम्ही पळी खाली ठेवलीत आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळलात. "आणि सांगायचंच होतं तर आईला सांगायचंस, मागल्या दारी. सात पुरुषांत बापाची मान खाली घालून कुणाचं भलं झालंय? माझं नाव घेऊन कुणाच्या दारात उभी राहणार असशील, तर आधी मला विचारत जा." एवढंच. पिठलं खाली लागलं होतं. तेच तुम्ही मला वाढलंत, आणि मी खाल्लं.

संध्याकाळी तुम्ही त्यांच्याकडे गेलात, गडग्याला वळसा घालून. मी मागोमाग आले होते आणि गडग्याशीच थांबले. तिच्या आईने तुम्हाला बस म्हटलं नाही. "आपल्या हातानं लिवायचं," ती म्हणाली, "नि मग दुसरीला धाडून चारचौघांत माजा तमाशा करायचा? जावा, बाई." आणि दार लावून घेतलं. तुम्ही दाराबाहेर उभ्या राहिलात. एक वाक्य पुरलं असतं, मी हिला पाठवलं नव्हतं. दाराला कान लावून ती आत उभीच होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या. मी त्या वाक्याची वाट बघत होते. तुम्ही ते बोलला नाहीत. बोलला असतात तर मला त्या आळीत कुणी दारात उभं केलं नसतं, शाळेतून गेले असते, आणि मला परत जायला घर नव्हतं. हे तुम्हाला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, म्हणून मीही पुढे झाले नाही. बापाला तुम्ही आपल्या नावाने कार्ड घातलंत. त्याचं उत्तर आलं नाही.

पुढच्या शनिवारी ओटीवर कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तुम्ही दौत-टाक मांडून बसायच्या आणि दुपार कलली की उचलून ठेवायच्या. बायका पोस्टातल्या कारकुनाकडून पत्रं लिहून घ्यायला लागल्या, तो मोठ्याने वाचत लिहायचा, सगळं पोस्ट ऐकायचं. काहींनी मुलं काढून घेतली. वर्षभराने तुम्ही हिवतापात गेलात. मी रडले नाही. लोक म्हणाले, हिला धक्का बसलाय. कसला धक्का नि कसलं काय! आत काही हललंच नाही. तेराव्यानंतर बिगरी माझ्याकडे आली आणि मी कामाला लागले.

आता मीही उकिडवी बसते. गुडघे दुखतात. मागल्या दाराने जाते, आठळा सोलते, तक्रार उठताना सांगते. नव्या मुली मदतनीस म्हणून येतात, त्यांना तुमचेच शब्द ऐकवते, आणि त्या "हो बाई" म्हणत मनात हसतात ते मला दिसतं. मुलं माझ्याशी बोलतात. गप्प मुलंसुद्धा बोलतात, उशिरा का होईना. त्याचा आनंद होतो का, असं कुणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही. सवय झाली आहे.

तर आज ती आली. मुलीचं नाव लिहून घेतलं आणि टाक तिच्यापुढे केला, इथे सही कर म्हणून. ती म्हणाली, "मला येत नाय. अंगठा उठवते." तिच्या अंगठ्याला मीच शाई लावली. आणि मग बोलायला लागली. खूप बोलते हो ती! हातवारे करून, हसत हसत. आई तीन वर्षांपूर्वी गेली. बाप कायमचा घरी आलाय, त्याला आता डोळ्यांनी दिसत नाही. "तुमच्या बाईची ती कविता मी पोरीला निजवताना म्हनते," म्हणाली, "पन चारच ओळी येतात." मग कडेवरचं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "आई मरेस्तोवर बोलायची, बाईनं केसानं गळा कापलान म्हनून. माजा नाय इस्वास बसत. माज्या कानाशी बसायची ती. तुमी तवा होतात ना? खरं सांगा, बाईनीच धाडलानी होतं तुमाला?"

तिला "नाही" ऐकायचं होतं, बाई. चेहऱ्यावर दिसत होतं, इतकी वर्षं ती तेवढ्यासाठीच थांबलेली. तिला सांगायला आता दुसरं कुणी उरलेलंही नाही. मघापासून मी स्वतःला समजावत्ये की मुलीच्या भल्यासाठी केलं, खरं सांगितलं असतं तर ती मुलीला तशीच घेऊन गेली असती, माझ्यासारखीच्या हाती कोण आपलं पोर देईल. तेही खरं नाही. एवढा विचार करायला वेळच झाला नाही. तिचं बोलणं संपायच्या आत मी "हो" म्हणून मोकळी झाले होते. "असंल," ती म्हणाली. मुलीचं बोट सोडवून माझ्या हातात दिलं आणि गेली.

हा कागद मी सकाळी चुलीत घालीन. अकराच्या सुमाराला ती मुलीला सोडायला पुन्हा येईल, सांगायचं तर तेव्हाही सांगता येईल. मी सांगणार नाही. हे मला आत्ताच ठाऊक आहे, आणि लिहिताना हात थांबलासुद्धा नाही.