भिंतीवरचा नंबर

बारामती,
रविवार

प्रिय शगुफ्ता,

पाकीट हातात पडल्यावर तू आधी हसशील. एवढं फोनवर बोलतो आपण, आणि ही म्हाळसा कागद खराब करत बसली आहे. पण मला सांगायचं आहे ते तुझ्या फोनबद्दलच, आणि ते फोनवर सांगायला गेले की तू मध्येच "थांब गं, कळसच्या गोठ्यावरून कॉल येतोय" म्हणून मला तोडतेस. कागद तसा तोडता येत नाही. तुझ्या सासूबाई, आपल्या ताजबी चाची, आता काठीशिवाय अंगणात फिरतात, असं तुझ्या मुबीनभाईंनी परवा सांगितलं. बरं वाटलं. म्हणजे तुलाही हे पत्र बसून वाचण्याइतकी सवड असेल.

बातमी अशी की गावोगाव फिरणाऱ्या आपल्या सगळ्या सुपरवायझरना कंपनी फोन देणार आहे. आपण दोघी मागत होतो तेव्हा "दुधाला फोन कशाला लागतो" म्हणणारे साहेब निवृत्त झाले. त्यांच्या जागी पुण्याहून ऋषिराज सर आले आहेत. आपल्यापेक्षा बरेच लहान, हुशार, बोलायला गोड. प्रशासन माझ्याकडे, म्हणून फोन निवडायचं काम त्यांनी मला दिलं. त्याच दमात आणखी एक सांगितलं: तुझा नंबर कंपनीच्या नावावर करून घ्यायचा. तू नोकरी सोडलीस तरी गोठेवाले अजून तुलाच फोन करतात, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. "मॅडमना फॉर्म पाठवा, सही करतील. त्यांना तरी हा त्रास कशाला?" हे ते चांगल्या मनानं म्हणाले, म्हणून मला पटकन नाही म्हणता आलं नाही. मी "बघते" म्हणाले. घरी आल्यावर मात्र स्वतःला विचारत बसले, की हा नंबर नक्की कुणाचा? त्याचं रिचार्ज तू करायचीस. पण तो गोठ्यागोठ्यांत पोचला कंपनीच्या कामामुळे. दोन्ही बाजू खऱ्या वाटत होत्या, आणि तू माझी मैत्रीण आहेस म्हणून मी एका बाजूला झुकतेय का, हेही कळत नव्हतं.

तुला आठवतं, नंबर लिहून दिलेल्या चिठ्ठ्या हरवतात म्हणून तू दाराला लावून उरलेला निळा ऑइलपेंट घेऊन निघाली होतीस? पिंपळीच्या सर्जेरावांच्या गोठ्यापासून सुरुवात केलीस. मी स्कूटरवर डबा धरून मागे, आणि तू प्रत्येक गोठ्यात गव्हाणीच्या वर भिंतीवर तुझा नंबर लिहितेस. खाली नाव लिहायला तुला लाज वाटली, तर सर्जेरावांनी स्वतःच कोळशानं "डाक्टरीनबाई" लिहिलं. मी डॉक्टर नाही, माझा फक्त पशुवैद्यकाचा डिप्लोमा आहे, हे तू पुढची कितीतरी वर्षं सांगत राहिलीस. कुणी ऐकलं नाही. मग चाचींचं मांडीचं हाड मोडलं आणि पहाटेच्या फेऱ्या तुला जमेनात. तू घरून काय करता येईल ते विचारलंस, साहेबांनी "फेरी नाही तर पगार नाही" म्हटलं, आणि तू वाद न घालता राजीनामा दिलास. तेव्हा मी त्याच खोलीत होते. तुझ्या बाजूनं बोलले, पण माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

या वेळी काहीतरी दाखवायला हवं, एवढं मी ठरवलं. फोन दुकानात बसून निवडायचा नाही, गोठ्यात नेऊन निवडायचा. सरांच्या मनातला फोन देखणा होता. मीटिंगमध्ये खिशातून काढला तर कंपनीची शान दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात एकच सिम जातं, म्हणजे कामाचा नंबर एकच राहील. दुसरा जाडजूड, मागून खरखरीत, दोन सिमचा. दोन्ही घेऊन मी कळसला ठमाबाईंकडे गेले. कडबाकुट्टीचं यंत्र चालू असताना बोलणं ऐकू येतं का, ओल्या बोटांना पडदा दाद देतो का, सगळं पाहिलं. दोन सिमच्या फोनमध्ये ऑफिसचा एक वेगळा कप्पा करता येतो आणि ड्यूटी संपली की तो बंद करता येतो, हेही करून पाहिलं. ठमाबाई बाजेवर बसून माझी गंमत बघत होत्या. आता नवीन नंबर येईल, आधी ऑफिसला कळवायचं, मग माणूस येईल, असं मी समजावलं, तर म्हणाल्या, "म्हंजी आमची गाय फॉर्म भरून आजारी पडायची व्हय?" मग माझ्याकडे न बघता, "नवा नंबर लिवा तुमी. पर वरचा पुसू नगा. त्यो शगुफ्ताचा हाय."

त्यांच्या जर्सी गाईच्या एका सडाला सूज होती. अंधाऱ्या गोठ्यात मी दोन्ही फोननी फोटो काढले आणि तुला पाठवले. गेल्या महिनाभरात तुला माझ्याकडून कासेचे, खुरांचे, तोंडाचे इतके फोटो का येत होते, ते आता कळलं असेल. "म्हाळू, तू गाई घेतल्यास का?" असं तू विचारलंस तेव्हा मी उत्तर टाळलं. त्या दिवशी देखण्या फोनचा फोटो पाहून तू लिहिलंस, "सूज दिसत नाही, पण गाईचं कातडं इतकं गुळगुळीत कधी असतं? दुसरा पाठव." जाड्या फोनचा गेल्यावर लगेच, "ही कासेची दगडी आहे, थांबलं तर सड जाईल, डॉक्टरांना आजच पाठव." देखण्या फोननं काय केलं होतं माहितीये? अंधार उजळला, डाग पुसले, सूज सपाट केली. गाईला पार लग्नाला निघाल्यासारखं नटवलं होतं. डॉक्टर संध्याकाळी जाऊन आले. सड वाचला.

गुरुवारी मीटिंगमध्ये मी ते दोन फोटो भिंतीवरच्या पडद्यावर शेजारी शेजारी लावले. एकच गाय, एकच वेळ. सर खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेले. मग विचारलं, "पहिल्या फोटोवर शंका कुणाला आली?"

मी म्हणाले, "ज्यांचा नंबर तुम्हाला हवाय, त्यांना. नंबर घेतला तर फक्त आकडे येतील, सर."

सर प्रामाणिक माणूस आहे. ते स्वतःवरच हसले आणि देखणा फोन बाजूला ठेवला. दोन सिमचा फोन ठरला. एक नंबर कंपनीचा, दुसरा ज्याचा त्याचा, आणि कुणाचाही स्वतःचा नंबर कंपनी मागणार नाही, असं लेखी झालं. तुला फॉर्म येणार नाही.

आता खरी गोष्ट. पुढच्या महिन्यापासून असे फोटो पाहून कुठे डॉक्टर लगेच पाठवायचा आणि कुठे सकाळपर्यंत थांबता येईल, हे सांगायला कंपनीला एक माणूस लागणार आहे. सकाळची पाळी, इंदापुरात घरी बसून, फेरी नाही, पगार पूर्ण. सरांनी तुझं नाव घेतलं. मी तुझ्या वतीनं हो म्हटलेलं नाही. तुझी उत्तरं तुला न विचारता मीटिंगमध्ये वापरली, तेवढं पुरे झालं. त्यासाठी हवं तर रागाव. तू नाही म्हणालीस तरी आपल्यात काही बदलणार नाही, पण एक गोष्ट बदलेल आणि ती तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. एक तारखेला पेंटर गोठ्यागोठ्यांत कंपनीचा नंबर लिहायला जाणार आहे. हळूहळू तुझा फोन वाजायचा थांबेल. तू रोज त्या कॉल्सच्या नावानं कटकट करतेस. मला त्या कटकटीवर कधीच विश्वास बसला नाही, पण मी चुकतही असेन. पेंटरनं निळे आकडे पुसायचे की ठेवायचे, हे त्याला सांगायचं काम माझ्याकडे आहे. मी सांगणार नाही. त्याचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे, तूच सांग.

तुझीच,
म्हाळू