आमोण्याच्या जत्रेतली जर्मन रायफल

बाबा, ती रायफल अखेर आपल्या घरी आली. हो, तीच. पेडण्याच्या जमीनदाराकडे, त्या भाटकाराकडे, बंदुकीची स्प्रिंग बदलायला गेलात तेव्हा एकदाच तुम्ही ती हातात घेतलीत आणि मग जन्मभर आमच्या डोक्याला ताप दिलात. जर्मन बनावट, नळीखालच्या दांड्याने हवा भरायची, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. आपल्या फुगे फोडायच्या स्टॉलवरच्या छऱ्याच्या बंदुका पुसताना तुम्ही न चुकता म्हणायचात, "बंदूक ती. हीं आपली लाकडां." भाटकाराची पुढे कुठे गेली कोण जाणे, पण त्याच घडणीची एक डेहराडूनच्या एका म्हाताऱ्या संग्राहकाकडे निघाली. मोबाइलवर फोटो दिसला आणि मी स्वयंपाकघरात किंचाळलेच. आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "कोण मेलो गो?"

पार्सल आलं तेही आईच्याच ओट्यावर फोडलं. वरचा पुठ्ठा एका बाजूने चेपलेला होता. आत दस्ता मानेजवळ मोडलेला, एका चिरफळीवर कसाबसा लोंबकळतोय. वाटेत तिच्यावर काय काय रचलं असेल देव जाणे. मी सरळ रडले, बाबा, लाज कसली! विकणारे गृहस्थ भले होते. फोनवर म्हणाले, परत पाठवा, पैसे देतो; दस्ता जोडता येईल, पण धक्क्याने नळी वाकली असेल तर ती नुसती शोभेची वस्तू, तेव्हा आठवडाभरात काय ते कळवा. आईने तिथल्या तिथे निकाल दिला, "परत धाड ती. मोडकी वस्तू घरात हाडू नको." पण परत धाडली तर अशी दुसरी मला या जन्मी मिळणार नव्हती. मी ती गोधडीत गुंडाळली आणि कारापूरच्या सुताराकडे, मेस्ताकडे, घेऊन गेले. त्याने आतून लाकडी खुंट्या मारल्या, सरस भरला, दोरीने आवळून ठेवली. सांधा दिसतो, पण हाताला लागत नाही.

नळीचं काय ते मात्र झाडून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि नेमकी आमोण्याची जत्रा आली. तुमचा रिवाज तुमच्या मागे मी अजून पाळते: भवानीचा पहिला फुगा घरच्याने फोडायचा, तो फुटेपर्यंत गिऱ्हाइकाच्या हाती बंदूक द्यायची नाही. यंदा तो मान या पाहुणीला दिला. मी नेम धरते, चाप ओढते, आणि छरा फळीवर टक्क. फुगा जागच्या जागी डुलतोय. दुसरा छराही फळीवर, तिसराही. पोरं हसायला लागली. समोरची खाजेवाली तराजू ठेवून म्हणाली, "बाये, नळी वाकली गो तिची." मागे स्टुलावर बसलेल्या आईने नुसतं एवढंच म्हटलं, "लाव फोन त्याका."

चौथ्यांदा रायफल उचलली ती केवळ हट्टाने. डोळा लावला आणि पाहते तर मी फुग्यावर नेम धरलाच नव्हता! चार बोटं डावीकडे धरला होता. आपल्या सगळ्या बंदुका उजवीकडे मारतात, तुम्ही त्या कधी सरळ केल्या नाहीत, गिऱ्हाइकाने सगळेच फुगे फोडले तर आपण खायचं काय! लहानपणी मी बंदुकीला नावं ठेवली तेव्हा तुम्ही डाफरला होतात, "तिका दोष दिव नको. ती वाकडी आसा, तर तू पण वाकडी हो." झाले होते की मी वाकडी, इतकी की सरळ बंदूक हाती आली तरी ओळखता येईना. रायफल बिचारी मी दाखवेन तिथेच मारत होती. मग मी सरळ धरलं. फाट! पुढचा, त्याच्या पुढचा, वरची अख्खी रांग. लोक ओरडत होते, खाजेवालीने कागदात खाजे बांधून फुकट दिले, आणि परत धाड म्हणणारी आई स्टुलावर उभी राहून "आणखी एक, आणखी एक" करत होती. रात्री त्या गृहस्थांना फोन करून सांगितलं की रायफल आता कुठेही जाणार नाही. तेही खूश झाले.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, तुमचा पत्ता आता कुठला; यातली खरी गोष्ट तर तोंडावर सांगायची होती. एका दमात अख्खी रांग तुम्हीसुद्धा कधी फोडली नव्हती. माझा नेम तुमच्यापेक्षा चांगला आहे, बाबा. आणि हे ऐकून तुम्ही माझ्याशी कडकडून भांडायला परत येणार असाल, तर रायफल मी उद्याच्या उद्या परत पाठवते.